दहापैकी सहा

वेदना मुकाट्याने सोसणे ही आमच्या पाटोळे घराण्याची परंपरा आहे. आजोबांचे बोट उसाच्या चरकात सापडले, तेव्हा त्यांनी ते रुमालात गुंडाळले, आधी बैल सोडला, त्याला पाणी दाखवले आणि मग चालत दवाखाना गाठला. नाताळच्या जेवणानंतर ही गोष्ट आमच्याकडे दरवर्षी सांगितली जाते. मी लहान असताना गोष्टीत एक बैल होता. आता जोडी आहे.

वडिलांची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले तेव्हा पप्पा साठीला आलेले, आयुष्यभर शाळेत हेडमास्तर, आवाज चढवायची सवय नसलेले. ऑपरेशननंतर ते तीन दिवस ओरडले. आवाज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जात होता. माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, त्यांचे नाव 'भोंगा' ठेवले. कारखान्याची पाळी बदलताना वाजतो तो. पप्पांच्या तोंडावर हे नाव कुणी घेतले नाही, पण त्यांना ते माहीत होते. मी स्वतः नाव घेत नसे. फक्त हसत असे. आणि त्या तीन दिवसांत एकदा उठून मी त्यांच्या खोलीची खिडकी लावून घेतली होती, बाहेर लोक ऐकत होते म्हणून.

गेल्या वर्षी नगरला माझा उजवा गुडघा बदलला. त्या चार दिवसांबद्दल लिहितो आहे, कारण माझ्यावर जी वेळ आली ती आणखी कुणावर येणारच. वैद्यकातले मला काही कळत नाही. मी मराठीचा शिक्षक. सोनईच्या शाळेत चौतीस वर्षे निबंध तपासले.

गुडघा

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि म्हणाले, "गादी संपली आहे. हाडावर हाड घासतंय." त्यांच्या मागच्या भिंतीवर त्यांचेच सोळा फोटो होते. प्रत्येकात शाल, प्रत्येकात श्रीफळ. ज्या माणसाला इतक्या वेळा शाल मिळते तो गुडघे कधी तपासतो, असा प्रश्न मला पडला.

मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, मग तिसऱ्यांकडे. तिघांचेही मत एकच पडले, तेव्हा माझा संशय पक्का झाला. शिक्षकांच्या बैठकीत मी एकमत फक्त चहाबद्दल पाहिले आहे.

"आता एक्स-रेवरही लाल पेन चालवा," सरोज म्हणाली. सरोज म्हणजे माझी पत्नी. ती मला दोन वर्षे जिन्यावरून बसत बसत उतरताना पाहत होती.

शेवटी पहिल्याच डॉक्टरांकडे नाव घातले. हॉस्पिटलच्या दर्शनी भागात सोनेरी अक्षरांत पाटी होती: 'वेदनामुक्त रुग्णालय'. शेजारी त्या पाटीच्याच अनावरणाचा फोटो. पाटीवर पडदा होता तेव्हाचा एक आणि पडदा सरकवल्यानंतरचा एक. मी काउंटरवरच्या बाईंना विचारले, की मुक्त कोण, रुग्ण की रुग्णालय? त्यांनी माझ्याकडे आधार कार्ड मागितले.

अंक

ऑपरेशन सकाळी झाले. कमरेखाली बधिर केले होते, त्यामुळे दुखले काहीच नाही, नुसता आवाज येत होता. सुताराकडे दाराची चौकट ठोकतात तसा. मला वाटले, ती सोनेरी पाटी खरीच आहे की काय.

दुपारी पाय परत आले. सोबत जे आले त्याचे वर्णन करायला मी पुष्कळ शब्द शोधले आणि सगळे रद्द केले.

वॉर्डातल्या सिस्टर हातात एक कार्ड घेऊन आल्या. कार्डावर शून्य ते दहा अंक आणि प्रत्येकाखाली एक चेहरा. शून्याचा हसरा, दहाचा रडका.

"सर, दहापैकी किती दुखतंय?"

इथे माझ्या हातून चूक झाली आणि ती माझ्यासारख्याच माणसाच्या हातून होऊ शकते. चौतीस वर्षांत मी निबंधाला दहापैकी दहा कुणालाही दिले नाहीत. नऊही नाहीत. आठ दोनदा दिले, आणि त्यातला एक निबंध गाइडातून उतरवलेला निघाला. दहा म्हणजे यापुढे काही नाही. परीक्षकाने हातात काहीतरी राखून ठेवावे, हे अंगात इतके मुरलेले, की पाय करवतीखाली असल्यासारखा वाटत असताना मी विचार केला, उत्तम आहे, पण सर्वोत्तम म्हणता येणार नाही. आणि सांगितले, "सहा."

सिस्टरनी सहा लिहिले. त्या वॉर्डचा नियम असा, की सात किंवा वर असेल तर डॉक्टरांना बोलवायचे. सात नसेल तर ठरलेल्या वेळी ठरलेले इंजेक्शन. हा नियम मला ठाऊक नव्हता. मी दोन दिवस सहा सांगत राहिलो.

पाणी

इंजेक्शन दिले की अर्ध्या तासात बरे वाटेल, असे सांगितले होते. अर्धा तास झाला, तास झाला. मळमळ सुरू झाली, डोके गरगरले. गुडघ्याला इंजेक्शनची बातमीच पोचली नव्हती. मी पुन्हा मागितले, तर अजून वेळ झाली नाही असे उत्तर मिळाले.

शेजारच्या खाटेवर कर्जतकडचे एक म्हातारे बागायतदार होते. त्याच दिवशी, त्याच डॉक्टरांनी त्यांचाही गुडघा बदलला होता. इंजेक्शन तेच. ते मुगाची खिचडी खात मोबाईलवर कुस्त्या बघत होते.

"सर, लई दुखतंय का?" त्यांनी विचारले. "मला तर काईच न्हाई वो. उलट बरं हाय, शेतावर जावं लागंना."

गुडघे सारखे, डॉक्टर तेच, औषध तेच. एकाला खिचडी जाते आणि एकाला थुंकी गिळवत नाही. मी तर्क चालवला आणि निष्कर्षावर आलो: मला देतात ते पाणी आहे. औषध कुणीतरी बाहेर विकत असणार. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला याहून वेगळा निष्कर्ष सुचत नाही.

पुढच्या इंजेक्शनला मी सिस्टरना सांगितले, की काचेची बाटली माझ्यासमोर फोडा. फोडलेली बाटली मागून घेतली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. त्यानंतरचीही ठेवली.

सिस्टर हसल्या. "पेपर फुटतोय का बघताय व्हय, सर?"

मी हसलो नाही. त्या मला 'सर' का म्हणतात, हा प्रश्नही मला पडला नाही. आमच्या भागात सर्वच सर असतात.

संशय दुसऱ्या बाजूलाही होताच. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीवरच्या तरुण डॉक्टरने विचारले, "काका, आधीची काही सवय? झोपेच्या गोळ्या? ड्रिंक्स?"

"चहाची आहे," सरोज म्हणाली.

"नाही, कसंय, इंजेक्शन पुन्हा पुन्हा मागतायत ना."

तो फाइलमध्ये लिहीत असताना मी वाचले. समोरच्या मुलाची वही उलटी वाचणे ही शिक्षकाची जन्मभराची कमाई. त्याने लिहिले होते: रुग्ण चिंताग्रस्त. नातेवाइकांना समज दिली. सरोजला त्याने कसली समज दिली, ते तिला अजून समजलेले नाही.

मग व्यायामवाल्या मॅडम आल्या. वॉकर धरा, उभे राहा, एक पाऊल टाका. कर्जतचे बाबा चार पावले टाकून परत आले होते. मी एक टाकले आणि ओरडलो. ठरवून नाही, दबून नाही. लिफ्टपाशी उभे असलेले लोक पाहायला आले.

प्रार्थना

त्याच दुपारी आमच्या चर्चच्या मंडळीतले सहा जण भेटायला आले, सोबत पाळकसाहेब. पाळकसाहेब चांगला माणूस आहे, पण त्यांना मोठ्या सभेची सवय. खाटेशी उभे राहून त्यांनी माझ्यासाठी सहनशीलता मागितली. धीर मागितला. जगातल्या सर्व पीडितांना त्यात घेतले आणि परत माझ्यापर्यंत यायला बराच वेळ लावला. मी उशीचे टोक दातांत धरून होतो. सगळ्यांचे डोळे मिटलेले असल्यामुळे ते कुणाला दिसले नाही. प्रार्थनेचा हा एक फायदा.

आमेन झाल्यावर आमच्या एक मावशी, ज्यांना कुजबुजता येत नाही, शेजारणीला म्हणाल्या, "यांच्या वडिलांचंपण असंच झालं होतं. आठवतंय ना? भोंगा."

मंडळी गेल्यावर सरोज खिडकीशी उभी राहिली. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पप्पांचे ते ऑपरेशन झाले. तेव्हा तीच त्यांच्याजवळ रात्रंदिवस बसत असे.

"अहो," ती म्हणाली, "पप्पांचं खरंच दुखत असलं तर?"

खिडकी मी लावली होती हे तिला माहीत आहे. माझ्याच्याने तेव्हा गुडघ्याखेरीज दुसरे काही पेलवत नव्हते, पण ही गोष्ट पेलायला गुडघा लागत नव्हता.

कोयता

संध्याकाळी सिस्टर पुन्हा कार्ड घेऊन आल्या. मी सहा म्हणालो. त्यांनी लिहिले नाही. पडदा ओढला आणि स्टूल घेऊन बसल्या.

"सर, एक विचारू? सहा म्हंजे किती?"

"सहा म्हणजे सहा."

"मी संगीता. आठवी ब. आई-बाप पाथर्डीकडून ऊसतोडीला यायचे, मी सोनईत मामाकडं राहून शिकले. वळखलं न्हाई ना?"

मी ओळखले नव्हते.

"'माझा अविस्मरणीय दिवस' असा निबंध दिल्ता तुमी. मी कोयता लागल्याचं लिवलं. सुट्टीला फडात मोळ्या बांधत हुते, टाचेवर बसला. आईनं हळद दाबली, लुगड्याची पट्टी बांधली आन् सांजच्यापत्तुर मी मोळ्या बांधल्या. तुमी सहा दिले. खाली लाल पेनानं लिवलं, अतिशयोक्ती टाळा."

तिने चप्पल काढून टाच दाखवली. घोट्यापर्यंत गेलेला पांढरा वण होता. मी तो पाहिला आणि नंतर छताकडे पाहिले.

"म्या लई रडले. मग मैत्रीन म्हनली, येडे, सरांचे सहा म्हंजे दुसऱ्यांचे नऊ. सात तर सर कुनालाच देत न्हाईत." ती उठली. बोलणे एकदम वॉर्डातले झाले. "कार्डावर मी माझ्या मनाने अंक लिहू शकत नाही. पण भूलवाल्या मॅडमना बोलवू शकते. बोलवते."

ऊस आणि गाळप

भूलवाल्या जोशी मॅडमचा एकही फोटो त्या हॉस्पिटलात नव्हता. हातात जेवणाचा डबा होता. घरी निघाल्या होत्या. डबा खिडकीत ठेवून त्यांनी विचारले, "दुखण्यावरचं असलं औषध आधी कधी घेतलंय? कोडीनवालं खोकल्याचं औषध?"

"घेतलंय. कधीच लागू पडलं नाही. आम्ही ते भेसळीचं समजतो."

"घरात आणखी कुणाला असा त्रास?"

सरोजने पप्पांची गोष्ट सांगितली. तीन दिवस, फाटक, सगळे. खिडकी वगळली.

मॅडमनी जे सांगितले ते मला समजले तसे लिहितो. मला देत होते ते औषध शरीरात जाते तेव्हा अर्धेकच्चे असते. यकृत त्याचे रूपांतर करते आणि मग ते वेदनेवर खऱ्या अर्थाने काम करते. काही माणसांचे यकृत हे रूपांतर करतच नाही. जन्मतःच तशी घडण. माझ्या भाषेत, कारखान्याच्या फाटकावर ऊस येऊन पडतोय, पण आत गाळप बंद. साखर मागून उपयोग नाही. उलट काहींचे गाळप फार जोरात चालते. त्यांना साधी मात्राही जास्त होते, श्वास मंदावू शकतो. कर्जतच्या बाबांचा कारखाना वेळेवर चालणारा.

"म्हणजे नक्की तसंच आहे?" मी विचारले.

"शक्यता आहे. खात्री नाही. पण औषध बदलून बघायला खात्री लागत नाही. रूपांतराची गरज नसलेलं देऊ. आणि मांडीतल्या नसेपाशी बधिर करू."

त्या हॉस्पिटलात 'खात्री नाही' असे म्हणणारे पहिलेच माणूस मला भेटले होते. माझा त्यांच्यावर थोडा विश्वास बसला.

मी चष्म्याची डबी पुढे केली. त्यांनी एकेक बाटली उजेडात धरून वाचली. "औषध बरोबर आहे. तारीख बरोबर आहे. सिस्टरने वेळेवर दिलंय. तुम्ही पुरावा चांगला जमवलात, फक्त आरोपी चुकला."

तासाभरात फरक पडला. मोठे काही झाले नाही. मला पंख्याचा आवाज ऐकू आला, तो दोन दिवस चालूच होता. भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे मागे असल्याचे दिसले. शेजारच्या मोबाईलवर कोण कुणाला चीतपट करतोय याची उत्सुकता वाटली. सरोज रडत होती. मी बाबांकडून थोडी खिचडी मागून खाल्ली.

संगीता कार्ड घेऊन आली. मी म्हणालो, "तीन." मग तिची माफी मागितली. बाटल्यांबद्दल आणि निबंधाबद्दलही. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे ती जरा प्रस्तावनेसारखी लांबली.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "आमच्यावर रोज कुनी ना कुनी संशय घेतंच. तुमी निदान बाटल्या नीट ठेवल्या."

रिपोर्ट

खात्रीसाठी पुण्याला तपासणी पाठवता येते, असे मॅडम म्हणाल्या. यात हॉस्पिटलचे काही असते का, असे मी आडून विचारले. त्या सरळ म्हणाल्या, "नका करू. फाइलवर लिहिलं की काम झालं." एवढ्यावर मी तपासणी केली.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. गाळप बंद असल्याचे त्यात अवघड शब्दांत लिहिले होते. मी तो घेऊन मॅडमकडे गेलो. मला एकच गोष्ट हवी होती, पप्पांची सुटका.

"तसं म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या. "असं व्हायला जनुकाची एक सदोष प्रत वडिलांकडून यावी लागते आणि एक आईकडून. वडिलांकडे एक होती एवढं नक्की. दोन होत्या का, ते कळायला मार्ग नाही. त्या वेळी त्यांना काय औषध दिलं होतं तेही माहीत नाही. त्यांचं दुखणं खरं असणार असं मला वाटतं. पण तसं मला रिपोर्टशिवायही वाटतं."

आईचा विचार मी केलाच नव्हता. आईची पाच बाळंतपणे झाली, शेवटचे पोट कापून. तिच्या ओरडण्याची एकही गोष्ट आमच्याकडे नाही. तिला अंक कुणी विचारला असेल असे वाटत नाही.

घरी आल्यावर मी अण्णाला फोन केला. तो आता पंच्याहत्तरीचा आहे. त्याने सगळे ऐकले.

"पुण्याचा रिपोर्ट का?" तो म्हणाला. "बरं झालं. आता कुणीही कण्हलं की जनुकांवर ढकला. आजोबांचं काय मग? त्यांना तर औषधच नव्हतं."

"आजोबांचं बोट कुणी पाहिलंय का, अण्णा?"

"म्हणजे?"

"मोडलं होतं, तुटलं होतं, का नुसतं खरचटलं होतं? तुला माहीताय?"

मागे टीव्ही चालू होता, तो त्याने बंद केला.

"मी पप्पांना भेटायला गेलोच नव्हतो रे," तो म्हणाला. "तिन्ही दिवस खालीच बसलो होतो, चहाच्या टपरीवर. ऐकवत नव्हतं. आणि मग लोक विचारायला लागले, कोण ओरडतंय, तेव्हा मी ते नाव..." आणि फोन ठेवला. या नाताळात त्याने बैलांची गोष्ट सांगितली नाही. दुसऱ्या कुणीतरी सांगितली.

ज्यांचे ऑपरेशन व्हायचे आहे त्यांनी माझ्याकडून एवढेच घ्यावे. एखादे दुखण्यावरचे औषध पूर्वी लागू पडले नसेल, किंवा भलतेच चढले असेल, तर ते आधीच सांगा. घरात कुणी ऑपरेशननंतर फार ओरडले असेल तर तेही सांगा, लाज वाटली तरी. शेजारच्याची खिचडी पाहून स्वतःला नापास करू नका. आणि अंक विचारला की परीक्षक होऊ नका.

डावा

गेल्या महिन्यात डाव्या गुडघ्यासाठी त्याच हॉस्पिटलात गेलो. सोनेरी पाटी तशीच होती, फोटो सतरा झाले होते. माझ्या खिशात न चालणाऱ्या औषधाची नोंद असलेले, प्लास्टिकचे आवरण घातलेले कार्ड होते आणि फाइलच्या पहिल्या पानावर जोशी मॅडमनी लाल शाईत दोन ओळी लिहिल्या होत्या: कोणते औषध द्यायचे नाही आणि त्याऐवजी कोणते द्यायचे. या वेळी ऐकून घेतले जाणार होते.

भरतीचा फॉर्म भरायला संगीताच होती. नाव, वय, वजन. मग तिने चेहऱ्यांचे कार्ड पुढे धरले.

"सर, आत्ता दहापैकी किती?"

मी वर्षभर याच प्रश्नाची तयारी केली होती. आवाज स्वच्छ ठेवला, काही राखून ठेवले नाही आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "नऊ."

मी लिफ्ट बंद म्हणून दोन मजले जिना चढून आलो होतो, हे तिला माहीत होते. तिने माझ्याकडे पाहिले.

"अतिशयोक्ती टाळा, सर," ती म्हणाली आणि फॉर्मवर सहा लिहिले.